पायरीकर सर

कोकणातल्या आमच्या मांडवीत कुणाला वय विचारलं तर तो आकडा सांगत नाही. 'फयान वादळात मी सातवीत होतो,' असं म्हणतो आणि वजाबाकी आपल्यावर सोडतो. पायरीकर सर वय विचारतच नाहीत. ते चष्म्यावरून माणसाकडे बघतात, दोन साधे प्रश्न विचारतात आणि मनातल्या मनात त्याला चारांपैकी एका पायरीवर उभा करून मोकळे होतात. एकदा उभा केलेला माणूस तिथून हललेला त्यांना खपत नाही. हललाच, तर ते त्याला आणखी दोन प्रश्न विचारतात.

पायरीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव शाळेच्या पगारपत्रकात आहे आणि तिथेच सुखरूप आहे. नववीच्या कुठल्याशा तुकडीनं हे नाव पाडलं, तुकडीकडून ते पालकांनी उचललं, पालकांकडून पोस्टमननं. आता रेशनकार्डावर यायचं तेवढं बाकी आहे. हापूसच्या गावात एखाद्याला पायरीकर म्हणणं हा तसा उणाच मान. सरांनी तो बिनतक्रार घेतला. "मुलांनी निरीक्षण केलं, वर्गीकरण केलं आणि नाव दिलं," ते मला म्हणाले, "म्हणजे तिसरी पायरी पक्की झाली."

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. आमच्या शिक्षकखोलीत माणसं विषयावरून ओळखली जातात. मी मराठीवाले, पलीकडे इतिहासवाले, खिडकीपाशी पीटीवाले. सर गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवतात, पण त्यांना कुणी गणितवाले म्हणत नाही. त्यांचा खरा विषय तिसराच आहे.

या विषयाची लागण त्यांना बी.एड.ला झाली. बी.एड. केलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात पियाजे एकदा येऊन जातो. बोधात्मक विकासाच्या चार अवस्था, प्रत्येकीची वैशिष्ट्यं, शैक्षणिक उपयोजन, टीप लिहा. पेपर झाला की पियाजे रद्दीत जातो आणि आपण नोकरीच्या अर्जाला लागतो. सरांचा पियाजे रद्दीत गेला नाही. तो त्यांच्यासोबत मांडवीला आला, भाड्याच्या खोलीत राहिला, लग्नानंतरही राहिला. "सासरी एकूण माणसं किती, ते मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं," असं वहिनी म्हणतात.

चार पायऱ्या अशा. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत मूल हातानं, तोंडानं, डोळ्यांनी जग चाचपतं. ही पहिली, संवेदन-कारक. दोन ते सात दुसरी, पूर्वक्रियात्मक: मूल बोलतं, खोटं खोटं खेळतं, पण जे दिसतं त्यालाच फसतं. सात ते अकरा तिसरी, मूर्त क्रियात्मक: समोर वस्तू असेल तर तर्क चालतो. अकरा-बाराच्या पुढे चौथी, औपचारिक: वस्तू समोर नसतानाही 'समजा असं असतं तर' एवढ्या आधारावर डोकं चालतं. आमचं हायस्कूल पाचवी ते दहावीचं. म्हणजे मुलं तिसऱ्या पायरीवर आत येतात आणि चौथीवर बाहेर पडतात, असा सरांचा हिशेब. मुख्याध्यापकांचा हिशेब दाखल्यावरच्या जन्मतारखेचा आहे. दोघांचं त्यावरून अधूनमधून वाजतं.

सर पियाजेला एवढे कसे चिकटले, याचं कारण मला बरंच उशिरा कळलं. ज्याँ पियाजे हा मुळात शिंपल्या-गोगलगायींचा माणूस. १८९६ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, दहा वर्षांचा असताना एका पांढऱ्या चिमणीवर टिपण छापून मोकळा झाला, आणि १९१८ मध्ये मृदुकाय प्राण्यांवर प्रबंध लिहून डॉक्टर झाला. मग पॅरिसला बुद्धिमापनाच्या चाचण्यांचं काम मिळालं. काम एवढंच, की मुलांची बरोबर उत्तरं मोजायची. हा गडी चुकीच्या उत्तरांपाशी अडकला. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं का चुकतात, या प्रश्नानं त्याला जे धरलं ते १९८० मध्ये तो जाईपर्यंत सोडलं नाही. "आमच्या भाट्याच्या खाडीत मुळे-शिंपल्या काढणाऱ्याला हा माणूस परका वाटेल का सांगा!" सर म्हणतात. मुळे काढणाऱ्यांना मी विचारलेलं नाही.

सरांच्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत तीन ग्लास असतात. दोन बुटके, एकसारखे. तिसरा उंच आणि निमुळता. ज्या घरात चार-पाच वर्षांचं पोर दिसेल तिथे सर चहा नको म्हणतात आणि कोकम सरबत मागतात. दोन्ही बुटक्या ग्लासांत सारखं सरबत ओततात, पोराकडून 'सारखं' असं वदवून घेतात, आणि मग त्यातल्या एकातलं उंच ग्लासात ओततात. "आता जास्त कशात?" पोर उंच ग्लासाकडे बोट दाखवतं. सरांचा चेहरा खुलतो. तेच पोर सात-आठ वर्षांचं झालं की 'सारखंच आहे, तुम्हीच तर ओतलंत' म्हणतं आणि सरांकडे जरा कीव आल्यासारखं बघतं. तेव्हा तर सर आणखी खुलतात. मांडवीत असं एक घर नाही जिथे हा कार्यक्रम दोनदा झालेला नाही.

फक्त एका आजींकडे तो बिघडला. नातवाच्या आधी त्याच बोलल्या. "मास्तर, सरबत तेवढंच आहे हो. पण उंच ग्लासातलं पाहुण्याला द्यायचं असतं." सरांनी हे टिपून घेतलं, मात्र कुठल्या पायरीखाली लिहावं ते त्यांना ठरवता आलं नाही.

पियाजेनं आपल्या तिन्ही लेकरांना जवळून न्याहाळून सिद्धान्त उभा केला. सरांना एकच मुलगा, पण वही दोनशे पानी. बाळ आठ महिन्यांचं असताना सर त्याच्यासमोर खुळखुळा रुमालाखाली लपवत आणि ते शोधतं का बघत. लहान बाळाला नजरेआड झालेली वस्तू जगातच नसल्यासारखी वाटते. पुढे कळतं, की ती आहे, फक्त दिसत नाही. बाळानं रुमाल ओढला त्या दिवशी सरांनी शिक्षकखोलीत आंबावडी वाटली. वहिनी त्यावर मला म्हणाल्या, "भावोजी, पोराला कळलं, पण बापाला कधी कळायचं? पिठाची चिठ्ठी खिशात गेली की यांच्या दृष्टीनं गिरणी जगात नसते."

मोठ्या माणसांच्या पायऱ्या मोजायची सरांची जागा म्हणजे मिरकरवाडा. बंदरावर मासळी वाट्यानं विकतात. तिथल्या बाया आठ बांगडे एका फळीवर ढीग करून ठेवतात आणि दुसऱ्या फळीवर आठच बांगडे ऐसपैस पसरतात. चांगले मिशीवाले, नोकरीधंद्याची माणसं पसरलेल्या वाट्यावर हात ठेवतात. "दुसरी पायरी!" सर माझ्या कानात सांगतात. "वय पंचेचाळीस, पण रांग लांब दिसली की डोकं फसलं. पियाजेनं हे सोंगट्यांवर केलं होतं, इथे बांगड्यांवर रोज होतं आणि कुणी प्रबंध लिहीत नाही." एवढं बोलून सर स्वतः पसरलेला वाटा उचलतात. मी विचारलं तर म्हणाले, "मला माहीत आहे दोन्ही सारखे आहेत. पण हा जास्त वाटतो." बाईनं पैसे मोजून घेतले. तिनं कुणाचंच वय विचारलं नव्हतं.

हा सगळा गावातला पसारा. शाळेतला याहून मोठा आहे, कारण शाळेत सरांच्या हातात अभ्यासक्रम आहे.

आमच्यासारख्यांना अभ्यासक्रम म्हणजे जूनमध्ये येणारं पुस्तक आणि मार्चपर्यंत ते संपवायचं. सरांना तो वयाचा अंदाज वाटतो. पाठ्यपुस्तक हातात आलं की ते आधी अनुक्रमणिका उघडतात आणि विचारतात, हे याच इयत्तेत का? तिसरीच्या परिसर अभ्यासात मुलाचा स्वतःचा जिल्हा असतो, कारण त्या वयाला पायाखालची जमीन कळते, खंड कळत नाहीत. चौथीत शिवाजी महाराज येतात, कारण त्या वयाला गोष्ट कळते, 'सरंजामशाहीचा ऱ्हास' कळत नाही. गणितात पूर्णांक संख्या आणि समीकरणं सहावीत येतात, म्हणजे अकरा-बाराच्या सुमाराला. 'एक्स' कुणी पाहिलेला नाही, त्याला हात लावता येत नाही, आणि तरी तो आहे असं धरून चालायचं. हे काम चौथीच पायरी करू शकते. भूमितीत पाचवीला कोन मोजतात, नववीला सिद्ध करतात. "मोजणं तिसरी, सिद्ध करणं चौथी," सर म्हणतात. "हे काही कुणी सहज लावलेलं नाही. यामागे माणसं बसलेली असतात." इतिहासवाले म्हणाले, "माणसं बसलेली असतात हे दिसतंच, उठत नाहीत म्हणून तर पुस्तकं उशिरा येतात." सरांनी त्यांना लगेच पायरी दिली.

याच धड्यांवरून एकदा पालकसभेत ठिणगी पडली. एका एसटी ड्रायव्हरची मुलगी दहावीत होती. त्यानं नववी-दहावी दोन्ही वर्षांची गणिताची पुस्तकं टेबलावर ठेवली. "नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणं, दहावीतही तीच. नववीत अर्थनियोजन, दहावीत अर्थनियोजन. नववीत सांख्यिकी, दहावीत सांख्यिकी. आम्ही पुस्तकाचे पैसे दोनदा का भरायचे?"

मुख्याध्यापक पंख्याकडे बघायला लागले. सर मात्र या प्रश्नाची कित्येक वर्षं वाट बघत होते. त्यांनी अमेरिकेच्या जेरोम ब्रूनरला पालकसभेत आणलं. ब्रूनरचं 'द प्रोसेस ऑफ एज्युकेशन' हे छोटं पुस्तक १९६० सालचं. त्याचं म्हणणं असं, की कुठलाही विषय कुठल्याही वयाच्या मुलाला त्याला झेपेल अशा पण खऱ्या रूपात शिकवता येतो. मात्र एकदाच शिकवून भागत नाही, पुन्हा पुन्हा त्याच गोष्टीकडे यायचं आणि दर वेळी थोडं वर यायचं. याला सर्पिल अभ्यासक्रम म्हणतात. गुणोत्तर आणि प्रमाण सहावीत भेटतं, सातवीत सम-व्यस्त होऊन येतं, आठवीत चलन म्हणून, आणि नववीत पुन्हा मूळ नावानं. "आंबा घाटातून तुम्ही गाडी नेता ना?" सर म्हणाले. "वळणावर वळण, तीच दरी पुन्हा पुन्हा दिसते, पण दर वेळी वरून. तसंच हे."

ड्रायव्हरनं थोडा विचार केला. "खरं आहे मास्तर," तो म्हणाला, "पण मी संध्याकाळी तीच गाडी खाली आणतो. माझ्या पोरीचं पण तसंच होतंय."

सभा हसली. सर हसले नाहीत. त्यांनी वही काढली, त्या मुलीचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला मधल्या सुट्टीत बसवून घेतलं. ती कुठल्या वळणावरून खाली येते ते शोधायला त्यांना बराच काळ लागला. अपूर्णांकांच्या वळणावरून येत होती, पाचवीच्या.

शासनाची आणि सरांची गाठ पडते ती साधारण अशीच, वळणावर. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. ज्ञान ओतता येत नाही, मूल ते स्वतः रचतं, असा त्याचा सूर. या विचाराचं बरंचसं मूळ पियाजेकडे जातं. आपल्याकडे त्याला ज्ञानरचनावाद म्हणू लागले आणि २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आल्यावर तो गावोगाव पोचला. प्राथमिक शाळांच्या फरशा रंगल्या, बाटल्यांची बुचं, चिंचोके, काड्या वर्गात आल्या. त्या दिवसांत एक अधिकारी आमच्या शेजारच्या शाळेत तपासणीला आले आणि त्यांनी विचारलं, "ज्ञानरचनावाद कुठे आहे?" तिथल्या बाईंनी सरळ फरशीकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्यांनी वाकून बघितलं, समाधान झालं, शेरा लिहिला. सरांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. "मुलाच्या डोक्यात असायला हवा होता," एवढंच म्हणत होते.

मात्र २९ जुलै २०२० ला त्यांना सगळ्याची भरपाई मिळाली. टाळेबंदी होती, पाऊस होता, रात्री साडेदहाला सरांचा फोन आला. "मराठीवाले, अकरा!" मला वाटलं, मांडवीत अकरा रुग्ण सापडले. मी मटकन खाली बसलो. "अकरा जुळलं!" सर ओरडले. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झालं होतं. दहा अधिक दोन जाऊन पाच-तीन-तीन-चार येणार होतं: तीन ते आठ वर्षं, आठ ते अकरा, अकरा ते चौदा, चौदा ते अठरा. पियाजेची चौथी पायरी जिथे सुरू होते तिथेच धोरणाचा तिसरा टप्पा. "आणि बाकीचे आकडे?" मी विचारलं. "ते एखाद्या वर्षानं चुकलेत," सर मोठ्या मनानं म्हणाले, "पण सरकार आहे, समजून घ्यायला हवं."

सर इथवर पायऱ्यांवर ठाम होते. त्यांना हलवलं ते नववीतल्या एका पोरानं.

पियाजेनं आपली सहकारी बार्बेल इन्हेल्डर हिच्यासोबत मोठ्या मुलांवर लंबकाचा प्रयोग केला. दोरी, वजनं, आणि एक प्रश्न: लंबकाचा झोका जलद-मंद कशानं होतो? वजनानं, दोरीच्या लांबीनं, किती उंचीवरून सोडला त्यानं, की ढकलण्याच्या जोरानं? तिसऱ्या पायरीवरचं मूल सगळं एकदम बदलतं आणि गोंधळतं. चौथीवरचं मूल एका वेळी एकच गोष्ट बदलतं आणि लांबीवर येऊन थांबतं. सरांनी हा प्रयोग नववीत केला. वजनं म्हणून जाळ्याची शिसं आणली होती. वर्गातल्या पहिल्या पाच नंबरवाल्यांनी 'वजनानं' असं ठणकावून सांगितलं. मागच्या बाकावरचा, खलाशाच्या घरातला एक पोर काही न बोलता उठला, शिसं तेच ठेवून दोरी आखडली, मग दोरी तीच ठेवून शिसं बदलली, आणि जागेवर जाऊन बसला. सरांनी त्याची गुणपत्रिका काढली. गुणोत्तर व प्रमाण: दहापैकी एक.

पुढच्या आठवड्यात सरांनी वर्ग मांडवीच्या किनाऱ्यावर न्यायचं ठरवलं, दुपारी साडेतीनला. तोच पोर म्हणाला, "नको सर. आज पंचमी. पावणेचारला भरती पुरी. उभं राहायला वाळू नाय मिळायची." सरांनी कसं कळलं विचारलं. "तिथीची पाऊणपट. पाच त्रिक पंधरा, त्याचे चार भाग." दशमीला? "साडेसात." त्रयोदशीला? "पावणेदहा. थोडं पुढेमागे होतं, वारा असला तर." सरांनी फळ्यावर तेच लिहिलं: तीनास चार, एक्सास दहा. पोरानं फळ्याकडे असं बघितलं, जणू त्याला कुणी जपानी वाचायला दिलंय.

त्या संध्याकाळी सर जेट्टीच्या कठड्यावर माझ्याशेजारी बसले आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची. शेवटी म्हणाले, "पाण्यात चौथ्या पायरीवर, कागदावर दुसऱ्या. एक माणूस दोन पायऱ्यांवर कसा उभा राहील हो?" मी म्हटलं, "जिन्यात आपण तसेच तर चढतो." ते माझ्याकडे बघतच राहिले. मला कुठली पायरी मिळाली ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी वाचन काढलं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, भाजी विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये छापून आला होता. विकताना केलेल्या हिशेबांत शंभरातली ९८ उत्तरं बरोबर. तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली तेव्हा ३७. त्याच देशातल्या कोळ्यांच्या प्रमाणाच्या हिशेबावरही पुढे संशोधन झालं. सरांना आपला पोर तिथे भेटला. आणि भेटला लेव्ह वायगॉटस्की. पियाजेच्याच साली, १८९६ ला रशियन साम्राज्यात जन्मलेला, क्षयानं सदतिसाव्या वर्षी गेलेला. त्याचं म्हणणं, मुलाला एकट्याला काय येतं एवढंच बघू नका. जाणत्यानं हात धरला तर कुठवर जातं ते बघा, शिकवण्याची जागा त्या मधल्या पट्ट्यात आहे. त्या पोराचा हात होडीत काकानं धरला होता. वर्गात धरायचा राहिला होता.

झालं. सरांनी वर्गात गट पाडले. येणाऱ्यानं न येणाऱ्याला शिकवायचं. नववी 'ब' मधून असा आवाज येऊ लागला, की मिरकरवाड्यात होड्या लागल्यात असं वाटावं. मुख्याध्यापक दारात आले. "सर, काय चाललंय?" "ज्ञानरचना." "मग हळू आवाजात रचा."

तेवढ्यावर न थांबता सरांनी माझ्या तासावर डोळा ठेवला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात मायकेल शेअर आणि फिलिप एडी यांनी ऐंशीच्या दशकात एक उपक्रम केला होता. आधी शेअरच्या मंडळींनी इंग्लंडमधल्या हजारो मुलांची चाचणी घेतली. पुस्तकं गृहीत धरतात ती चौथी पायरी चौदाव्या वर्षीही बहुसंख्य मुलांनी गाठलेली नव्हती. मग विज्ञानाच्या नेहमीच्या तासांपैकी साधारण पंधरवड्यातून एक तास, अशी दोन वर्षं, त्यांनी फक्त विचार कसा करायचा यावर घालवली. काही वर्षांनी त्या मुलांचे बोर्डाचे गुण विज्ञानात आणि गणितात वाढलेले दिसलेच, पण इंग्रजीतही दिसले. "म्हणजे भाषेतही!" सर म्हणाले. "तेव्हा तास तुमचाच घेणं न्याय्य." तास गेला. पुढे मुलांचे मराठीचे गुण खरंच थोडे वाढले. ते त्यांच्या तासामुळे वाढले की माझा एक तास कमी झाल्यामुळे, यावर शिक्षकखोलीत अजून दोन पक्ष आहेत.

पालकांचं मत मिश्र आहे. स्वतंत्र कोकण मंडळ झाल्यापासून दहावीच्या निकालात आमचा विभाग राज्यात पहिला येत आला आहे. अशा मुलुखात एक मास्तर 'पोराला कळलंय का?' विचारत फिरतो, हे बऱ्याच जणांना अशुभ वाटतं. "टक्के सांगा, टक्के," ते म्हणतात. सर टक्केही सांगतात, पण त्याआधी वही काढतात.

ही वही मुलाच्या खुळखुळ्याची नव्हे, दुसरी. तिच्यावर 'चुका' एवढंच लिहिलंय. सर पेपर तपासताना चुकीच्या उत्तरावर फुली मारत नाहीत, मुलाला बोलावतात आणि विचारतात, "हे कसं आणलंस?" मग ते मूल जे सांगेल ते शब्दशः वहीत उतरवतात. ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं, 'कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे.' उणे सात हे उणे तिनापेक्षा मोठं, 'कारण सर, ज्याच्यावर सात हजारांचं कर्ज, त्याचं कर्ज मोठंच म्हणतात ना?' बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज, 'कारण कंसाबाहेरचं सगळ्यांना सारखं वाटायचं असतं.' मी ती वही वाचली आहे. त्यातलं एकही उत्तर बेअक्कल नाही. प्रत्येकामागे विचार आहे, फक्त तो पुस्तकाच्या विचाराला जाऊन मिळत नाही. कर्जाचं उत्तर ज्या मुलीनं दिलं तिला सरांनी नापास केलं नाही, तिला विचारलं, "मग श्रीमंत कोण, सातवाला की तीनवाला?" ती एक क्षण थांबली, हसली आणि स्वतःच उत्तर खोडून आली. सरांना तेवढ्यासाठी दोन तास लागले होते. अभ्यासक्रमात त्याला एक ओळ आहे.

आता सरांच्या पायऱ्या जरा सैल झाल्या आहेत. टाचणवहीत एका मुलापुढे एक आकडा लिहायचा ते बंद झाले. विषयागणिक वेगळा लिहितात, आणि पेन्सिलीनं. माणसांना मात्र अजून लगेच पायरी देतात. परवा नव्या मुख्याध्यापकांनाही दिली. कुठली ते सांगितलं नाही, पण परिपाठाला मुख्याध्यापकांचा चेहरा पडलेला होता.

शाळेला पुस्तक वयावरून मिळतं, तुकड्या वयावरून पडतात, परीक्षा एकाच दिवशी होते. याला इलाज नाही, लाखो मुलांचं दुसरं कसं करणार? पण पुस्तकातला अंदाज या पोराला लागू पडतो का, हे बघायला वर्गात कुणीतरी लागतं. ते काम आमच्याकडे पायरीकर सर करतात. त्यासाठी ते दुसऱ्यांचे तास खातात, पाहुण्यांचं सरबत या ग्लासातून त्या ग्लासात ओतत बसतात, सभा लांबवतात आणि गिरणीत जायचं विसरतात. माझं मत विचाराल तर असा माणूस प्रत्येक शाळेत एक असावाच. दोन नसावेत.